वाघोबा खिंडीतली निळी गाडी

माझा नवरा तीस वर्षांत एकदाही बाजारात माझ्या पाटीशेजारी उभा राहिलेला नाही. त्यात त्याचा दोष नाही. आमच्या सातपाटीत पुरुष समुद्रावर जातो आणि बाई बाजारात. बोट बंदराला लागली, मासळी उतरली, की त्याचं काम संपतं आणि माझं सुरू होतं. मी मासा कसा घेते, कसा विकते, भाव पाडताना माझा चेहरा कसा होतो, हे त्याने कधी पाहिलेलं नाही. मीही त्याला जाळं ओढताना पाहिलेलं नाही. हे इतकं रोजचं होतं की त्यातून कधी घोळ होईल असं मनातही आलं नव्हतं.

मी डोक्यावर पाटी घेऊन सुरुवात केली. आज बोईसर, पालघर आणि मनोरच्या हॉटेलांना माझी मासळी जाते. चौदा वर्षांपूर्वी टेम्पो घेतला तेव्हा चालवायला माणूस ठेवला होता. तो रोज उशिरा यायचा आणि बर्फ वितळल्यावर आकाशाकडे बोट दाखवायचा. एक दिवस त्याला भर रस्त्यात उतरवलं आणि महिनाभरात स्वतः शिकले. तेव्हापासून आठवड्यातून तीनदा वाघोबा खिंड चढते. पालघरहून मनोरला जाताना हा घाटरस्ता लागतो. भरलेला टेम्पो तिथे दुसऱ्या गिअरमध्ये कण्हत चढतो. आणि दर वेळी एखादी छोटी, बुटकी गाडी माझ्या बाजूने सुर्रकन निघून जायची. मी शिवी द्यायचे आणि ती पुढच्या वळणाआड जाईपर्यंत तिच्याकडे बघत राहायचे.

पण गाडी घ्यायचं ठरलं ते या कौतुकातून नव्हे, रागातून.

माझा धाकटा दीर तारापूरच्या एका कंपनीत नोकरीला आहे, बोईसरला राहतो. मी लग्न होऊन आले तेव्हा तो शाळेत होता. त्याच्या वह्या, त्याचे बूट, पुढे आयटीआयची फी, सगळं माझ्या पाटीतून गेलं. दोन वर्षांपूर्वी त्याच्या मुलीचा साखरपुडा होता. नवरा समुद्रावर होता, म्हणून दीर नवीन गाडी घेऊन मला न्यायला आला. मी दोनदा आंघोळ केली होती, अबोलीचा गजरा माळला होता. त्याने मागचं दार उघडलं आणि सीटवर प्लास्टिक अंथरलं.

"वयनी, राग मानू नका. सीट नवं हाय. वास बसला की जात नाय."

मी त्या प्लास्टिकवर बसून बोईसरपर्यंत गेले. हलले की ते चुरचुर वाजायचं. मी काही बोलले नाही. मला ओळखणाऱ्याला कळेल की मी भांडते तेव्हा घाबरायचं कारण नसतं. मी गप्प राहिले ही गोष्ट वेगळी होती. नवरा परत आला तेव्हा त्यालाही सांगितलं नाही.

या वर्षी पावसाळा सरला आणि मी घरात जाहीर केलं, "मला गाडी घ्यायची हाय. छोटी, खालची, पळणारी."

दीर त्या दिवशी घरी आला होता. तो हसला. "वयनी, ती कॉलेजच्या पोरांची गाडी. तुमी सात सीटवाली घ्या."

"मग पोरांनी माझ्या मागून यावं," मी म्हणाले.

नवऱ्याला वाटलं, भावाला गाड्यांतलं कळतं, त्याला बरोबर घेऊ. मीही नको म्हटलं नाही. माझी गाडी मी त्याच्या डोळ्यांदेखत निवडणार होते.

पहिली बघितली ती लाल गाडी, बोईसरला. तिच्या मागे पंखासारखी पट्टी होती आणि सायलेन्सरला दोन तोंडं. विकणारा माणूस म्हणाला, "आंटी, इसका आवाज सुनो." आवाज मोठा होता, खरं आहे. तारापूरच्या रस्त्याला लागलो. पुढे टँकर, बाजूला ट्रेलर, मधे रिक्षा. गाडी पळायची खूप, पण प्रत्येक खड्डा ती माझ्या मणक्यात जसाच्या तसा पोचवायची. क्लच इतका कडक की सरावलीच्या वळणापर्यंत डावा गुडघा दुखायला लागला. गिअर टाकताना हाताला चिखलात काठी खुपसल्यासारखं वाटत होतं. मला ती गाडी पाच मिनिटांत नकोशी झाली.

आणि म्हणून मी तिची स्तुती सुरू केली.

हे समजावून सांगायला हवं. सासूने मला पहिल्या आठवड्यात शिकवलं होतं: जो मासा हवा त्याला आधी हात लावायचा नाही. शेजारचा उचलायचा, त्याचं कौतुक करायचं, "काय ताजा हाय गो, काय चकाकतो." मग सहज म्हणून हवा तो उलटायचा, कल्ला वर करून बघायचा आणि नाक मुरडायचं. समोरची नको त्या माशाचा भाव धरून बसते आणि हव्या त्याचा सोडते. मी हे इतकी वर्षं करत आले आहे की आता ठरवून करावं लागत नाही. तोंड आपोआप बोलतं. तेव्हा लाल गाडीतून उतरता उतरता मी म्हणाले, "असली गाडी मी आयुष्यात बघितली नाय." मागे बसलेल्या दोघांनी ते ऐकलं. मी आणखी दोनदा म्हणाले, विकणाऱ्याने नीट ऐकावं म्हणून.

दुसरी पांढरी, ऑटोमॅटिक. ती पालघरला, जिल्हा मुख्यालयासमोरच्या रुंद रस्त्यावर चालवली. तिच्यात दोष नव्हता. पाय दाबला की जायची, सोडला की थांबायची, आणि मधल्या सगळ्या गोष्टी आपल्या आपण ठरवायची. मला वाटलं, मी दुसऱ्याच्या घरी पाहुणी म्हणून बसले आहे आणि चहासुद्धा कुणीतरी ढवळून देतंय. तिच्याबद्दल मी बरंही बोलले नाही, वाईटही नाही.

तिसरी निळी. पालघरमध्येच दुसऱ्या शोरूममध्ये ती एका कोपऱ्यात उभी होती. दिराने मागचं दार उघडून आत डोकं घातलं आणि बाहेर काढलं. "इथं बसायला माणसानं बांगडा व्हायला लागल." तो आणि नवरा चहा पीत शोरूममध्येच बसले. माझ्या शेजारी बसली ती विकणारी बाई. पस्तिशीची असेल. खिंडीपलीकडच्या पाड्यावर वाढलेली, आता शोरूमच्या गणवेशात. आधी अगदी पुस्तकी मराठी बोलत होती. "मॅडम, आपण कुठल्या रस्त्याने जाऊ या?"

"खिंडीत," मी म्हणाले.

ती जरा थांबली. "साधारण आम्ही स्टेशनच्या बाजूला नेतो."

"स्टेशनला मला गाडीची गरज नाय. खिंडीत हाय."

मनोरच्या रस्त्याला लागलो. दोन्हीकडे भात पिकून पिवळं झालं होतं. पहिल्या पाच मिनिटांतच माझ्या लक्षात आलं की मी गिअर बदलतेय आणि मला त्याचा विचार करावा लागत नाही. तो छोटासा दांडा बोटांच्या पेरांनी हलत होता, आणि प्रत्येक वेळी जागेवर बसताना हळूच "हं" म्हणत होता.

मग चढ सुरू झाला. पहिल्या वळणाला मी सवयीने अंग सावरून धरलं. टेम्पोत वळण आलं की मागचे क्रेट सरकतात, बर्फाचं पाणी फळीवर उलटतं आणि ते सगळं वजन आपल्या पाठीला कळतं. चौदा वर्षं मी त्या वजनासाठी तयार राहत आले आहे. आताही मी त्याची वाट बघितली. ते आलं नाही. मी पुढच्या सागाच्या झाडाकडे बघितलं आणि आम्ही तिथे पोचलो होतो. तिथून वरच्या दगडाकडे बघितलं, तिथेही पोचलो. गाडी वळतेय, चढतेय असं काही जाणवतच नव्हतं. माझी नजर जाईल तिकडे रस्ता आपण होऊन येत होता.

मला त्या खिंडीतला एक एक दगड माहीत आहे. कुठे इंजिन गुरगुरतं, कुठे पहिल्यात टाकावं लागतं, कुठे उभं राहून पाणी घालावं लागतं. आणि आता त्या जागा येत होत्या आणि काहीच न होता मागे जात होत्या. इतकी वर्षं मी समजत होते की खिंड अवघड आहे. खिंड सुंदर आहे हे मला माहीतच नव्हतं. उतारावर ऊन कसं पडतं, पानं कशी हलतात, खालच्या शेतांचे तुकडे कसे दिसतात. मी तिथून हजारो वेळा गेले होते आणि वर मान करून बघायला एकदाही मोकळी नव्हते. स्टिअरिंगवरचे माझे हात कुणा दुसऱ्या बाईचे असावेत, तसे हलके दिसत होते.

वर वाघोबाचं देऊळ आलं. इथून जाणारा प्रत्येक ड्रायव्हर हात जोडतो. तिनेही जोडले, मीही वेग कमी करून मान लववली. पलीकडे उतरून थोडं पुढे गेलो आणि तिने विचारलं, "मावशी, कशी वाटली?"

"ठीक हाय. आवाज जरा कमी हाय."

"परत फिरू या?"

"फिरू या की. उगाच तुमचं पेट्रोल जळल."

मी गाडी वळवली, खिंड उतरले, खाली रुंद जागा आली तिथे पुन्हा वळवली आणि पुन्हा चढायला लागले. पुन्हा देवळापाशी आलो तेव्हा ती खुदकन हसली, आणि तिची पुस्तकी मराठी गळून पडली.

"मावशी, तुमचं तोंड एक सांगतं, पाय दुसरंच सांगतो."

मला तिचा राग आला, कारण ते खरं होतं.

शोरूमला परतलो तेव्हा मी माझा बाजारातला चेहरा नीट लावून घेतला होता. नवरा आणि दीर समोरच बसले होते. मी सुरू केलं. "रंग काय हा, रॉकेलसारखा. बसायला खाली, उठायला वर. डिकीत दोन पाट्या मावत नाय."

"मावशी, यातून मासळी नेणार तुमी?"

"मासळी नेईन नायतर देव नेईन. जागा नको?"

"ही शेवटची हाय. कंपनीनं हाताच्या गिअरची बंद केली. आता येईल ती सगळी ऑटोमॅटिक."

"शेवटचं म्हंजे शिळं. आमच्यात शेवटचा वाटा अर्ध्यात जातो."

ती हसत राहिली आणि एक रुपया सोडेना. तेव्हा मी शेवटचं हत्यार काढलं, उठून निघाले. मी उठले की तीन पावलांत हाक येते. बंदरावर येते, पालघरच्या बाजारात येते, मनोरच्या हॉटेलवाल्याकडून तर पहिल्याच पावलाला येते. दारापर्यंत गेले. हाक नाही. पायऱ्या उतरले. हाक नाही. मागे वळून बघितलं तर ती काचेआड शांतपणे दुसऱ्या कुणाशी बोलत होती. इतक्या वर्षांत मला जाऊ देणारी ही पहिलीच बाई. मी तिच्याकडे बघतच राहिले.

दोन दिवस मी तिच्या फोनची वाट बघितली. मासळी तोलताना बोटांची पेरं आपोआप हलायची. तिसऱ्या दिवशी दुपारी फोन आला.

"मावशी, चार वाजता एक डॉक्टर गाडी बघायला येणारेत. म्हटलं तुमाला सांगावं."

मला हसू आलं. "बाय, असं गिऱ्हाईक मी दिवसातून दहा वेळा उभं करते," असं म्हणून मी फोन ठेवला.

तासाभराने नवरा आणि दीर दारात उभे. नवऱ्याच्या हातात पेढ्यांचा पुडा आणि चेहऱ्यावर मी वर्षानुवर्षं न पाहिलेलं हसू.

"काय हे?"

"लाल गाडी," नवरा म्हणाला. "बुक करून आलो."

मला आधी कळलंच नाही. "कोणाची लाल गाडी?"

"तुझी गो. तूच म्हणालीस ना, असली गाडी आयुष्यात बघितली नाय. तीन वेळा म्हणालीस."

दीर म्हणाला, "आणि निळीला किती नावं ठेवली वयनी तुमी! मी दादाला म्हटलं, आता वेळ घालवू नको."

माझ्या हातात बोंबील साफ करायचं पातेलं होतं. ते मी असं आपटलं की शेजारची खिडकी उघडली.

"तू कोण रे माझी गाडी ठरवणारा? प्लास्टिक आणलंस का सोबत? आणलं नसशील तर जा, घेऊन ये. लाल गाडीच्या सीटवर अंथर, मग मला बसव!"

दिराचा चेहरा उतरला. नवरा माझ्याकडे बघायला लागला. "कसलं प्लास्टिक?"

मग दोन वर्षं दाबलेलं सगळं बाहेर आलं. साखरपुडा, गजरा, चुरचुर, सगळं. नवरा ऐकत होता. ऐकून झाल्यावर त्याने भावाकडे पाहिलं. "खरं?"

"दादा, सीट नवं व्हतं..."

नवऱ्याने पेढ्यांचा पुडा त्याच्या हातात दिला आणि तो माझ्याकडे वळला. "मला सांगायला काय झालं व्हतं?"

मी आणखी जोरात ओरडले, "आणि मला निळी हवी हाय!"

"मग नावं का ठेवलीस तिला?"

"भाव पाडायला!"

"माझ्यासमोर पण?"

त्या दोन शब्दांनी माझा राग जागच्या जागी विझला. तो लाल गाडी घेऊन आला होता, कारण मी जे म्हणाले ते त्याने अक्षर न अक्षर धरून ठेवलं होतं. त्याच्या बोटीवर वारा म्हणजे वारा असतो, खडक म्हणजे खडक. उलटं बोललेलं तिथे माणूस बुडवतं. आणि तीस वर्षं तो घरातही माझं बोलणं तसंच ऐकत आला होता. हे मला कधी दिसलं नव्हतं. खिंडीकडे बघितलं होतं तशी मी त्या माणसाकडे बघत राहिले.

घड्याळात साडेतीन झाले होते.

टेम्पोत अर्धे क्रेट भरलेले होते. ते तसेच ठेवून मी निघाले, नवरा शेजारी चढला. शिरगावचं वळण मी ज्या वेगाने घेतलं त्याबद्दल सांगत नाही. शोरूमसमोर टेम्पो लावला तर खरोखरच एक चष्मेवाला गृहस्थ निळ्या गाडीत बसला होता, हात गिअरवर. ती बाई खोटं बोलली नव्हती.

मी तिच्यासमोर जाऊन उभी राहिले. हातांना बोंबलांचा वास, पदर खोचलेला. "बाय, ही गाडी मला हवी."

तिने माझ्याकडे नीट बघितलं. "आवाज कमी हाय ना पण?"

"आवाज बरोबर हाय."

"आणि रंग?"

"रंग चांगला हाय." हे वाक्य माझ्या तोंडातून काढायला किती जोर लागला हे तिथल्या कुणालाच कळणार नाही. मग पुढचं आपोआप आलं. "मला ती आवडली. पहिल्या वळणालाच आवडली. असं मला कधी काही आवडलं नाय."

नवरा माझ्या मागे उभा होता. त्याचा श्वास मला ऐकू येत होता.

डॉक्टर गाडीतून उतरले. "मी तर अजून बायकोला विचारणार आहे," ते म्हणाले. मग मला हळूच, चांगुलपणाने, "मावशी, इतकं उघड सांगितलंत तर आता त्या भाव कमी कसा करतील?"

"नकोच करायला," मी म्हणाले.

आणि तिने नाहीच केला. छापलेली किंमत होती ती मी दिली. मॅटसुद्धा फुकट मिळाले नाहीत. बाहेर आल्यावर मी पैशांसाठी हळहळेन असं वाटलं होतं. हळहळले नाही. लाल गाडीचं बुकिंग रद्द करायला दीर स्वतः गेला आणि विकणाऱ्याची बोलणी खाऊन आला. त्याला मी अजून माफ केलेलं नाही. पुढेमागे करीन, पण त्याने आधी काहीतरी बोलायला हवं, आणि ते काय हे मी त्याला सांगणार नाही.

गाडी घरी आली त्या आठवड्यात बोट बंदरातच होती. मी नवऱ्याला शेजारी बसवून खिंडीत नेलं. वादळात उभा राहणारा माणूस, पण पहिल्या वळणाला त्याने खिडकीवरची मूठ घट्ट धरली. दुसऱ्याला सोडली. तिसऱ्याला तो पुढे झुकून बाहेर बघत होता, डोळे मोठे करून.

"एक विचारू?" तो म्हणाला.

"विचार."

"तीस वर्षं मला नावं ठेवतेस. आळशी म्हणतेस. अक्कल नाय म्हणतेस. आईनं कुठं दिलं मला, म्हणतेस."

"मग?"

"ते पण भाव पाडायला?"

मी गिअर बदलला. समोरून एक ट्रक येत होता, त्याला जागा दिली. तो गेला, रस्ता मोकळा झाला. नवऱ्याने पुन्हा विचारलं नाही. तो पुन्हा विचारणारा माणूसच नाही, एकदा बोलतो आणि वाट बघतो.

"भाव पाडायलाच," मी म्हणाले.

त्याने तोंड खिडकीकडे फिरवलं. त्याचा फक्त कान मला दिसत होता, उन्हाने रापलेला, आणि तो लाल झाला होता. मनोर येईपर्यंत तो बाहेरच बघत होता, आणि मी गाडी मुद्दाम हळू चालवली.